कोरा रकाना

(दुपारचे दोन. स्वयंपाकघर. चार दिवसांची परिषद आटोपून सून नुकतीच घरी पोचली आहे. पिशवी अजून दारातच, ताट समोर.)

सासरे: पण तुला नेलंच कशाला ते मला अजून कळलेलं नाही. तेवीस देशांची माणसं. तिथं नदीच्या पातळीची पट्टी वाचणारीचं काय काम?

सून: तेच मी साहेबांना विचारलं होतं, बाबा. ते म्हणाले, मला आकडे पाठ नाहीत, तुला आहेत. तू मागच्या खुर्चीत बसायचं, मी मान वळवली की आकडा सांगायचा. चार दिवस मी त्यांच्या मानेकडे बघत होते.

सासू: आधी जेव. बोलणं कुठं पळून जातंय.

सून: जेवतेय, आई. गळ्यात अडकवायला कार्ड दिलं होतं. त्यावर लिहिलं होतं ‘जलतज्ज्ञ’.

सासरे: कोणाच्या?

सून: माझ्या.

सासरे: तीस वर्षं त्याच पट्टीवर पाणी वाचलं मी. मला साधं तज्ज्ञ कोणी म्हटलं नाही.

सासू: तुम्हाला म्हणून काय उपयोग? घरातली टाकी भरून वाहायला लागली तरी तुम्हाला पत्ता नसायचा.

सासरे: बरं. तर परिषद होती कशाची?

सून: शाश्वत विकासाची. आठ-दहा दालनं होती. कुठं जंगलावर चाललेलं, कुठं मासेमारीवर, कुठं शेतावर. आमच्या दालनात दोन-दोन, तीन-तीन देशांतून वाहणाऱ्या नद्या.

सासू: शाश्वत म्हणजे?

सून: म्हणजे आज वापरायचं, पण उद्याला पुरेल असं वापरायचं.

सासू: त्यासाठी तेवीस देश बोलवावे लागले? मला विचारायचं.

सासरे: तू थांब जरा. आपल्या नदीचं काय झालं ते सांगू दे. आकडे देणार का ते?

सून: सांगते. पण मधनं सांगितलं तर नीट कळणार नाही. पहिल्यापासून सांगते. पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. खरंच काही नाही. शेवटी जे निवेदन निघायचं होतं त्यात चौदावं वाक्य होतं आपल्या नदीचं. वरचा देश पाण्याच्या पातळीची रोजची माहिती खालच्या देशाला देईल, एवढंच. त्यात वरच्यांना दोन-तीन शब्द घालायचे होते. ‘शक्य असेल तेव्हा’.

सासरे: शक्य असेल तेव्हा.

सून: हं. आमचे साहेब म्हणायचे, हे शब्द काढा. त्यांच्या मुख्य बाई म्हणायच्या, काढता येणार नाहीत, धरणाचा वाद मिटेपर्यंत तर नाहीच. दोन दिवस तेवढ्यावरच. साहेब तावातावाने बोलायचे, बाई शांतपणे नाही म्हणायच्या, आणि काचेच्या खोलीत बसलेली दुभाषी मंडळी दोघांचं बोलणं एकाच आवाजात आमच्या कानात ओतायची. रागसुद्धा थंड होऊन पोचायचा.

सासरे: तीन वर्षांपूर्वी अचानक बंद केलं त्यांनी. सकाळ-संध्याकाळ फोन यायचा तो. मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी.

सासू: सगळं माहीत आहे आम्हाला. घे, भात वाढते.

सून: अध्यक्षस्थानी एक म्हातारी बाई होती. कुठल्याशा बेटावरची. तिच्या देशात नदीच नाही.

सासू: नदी नाही तिला नदीवर बसवली?

सून: म्हणूनच बसवली, आई. तिला कोणाचीच बाजू घ्यायची नव्हती. बोलायची कमी. पण कोणी लांबण लावली की पेन्सिल टेबलावर आडवी ठेवायची, नि समोरचा आपोआप आवरतं घ्यायचा.

सासरे: मग पुढं?

सून: तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी भिंतीशी उभी होते. दालनात इतका गारठा की पेला दोन्ही हातांत धरला होता. तेवढ्यात एक माणूस आला. पंचावन्नच्या पुढचा, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, काखेत जाडजूड वही. माझं कार्ड वाचलं आणि म्हणाला, तू तज्ज्ञ नाहीस, तू पट्टी वाचतेस. मी विचारलं कसं ओळखलं, तर म्हणाला, सगळे साहेबांचं बोलणं ऐकतात, तू फक्त आकडा आला की मान वर करतेस.

सासरे: कोण होता?

सून: वरचा मोजणीदार. त्यांच्या धरणाखालच्या पट्टीवरचा. ज्याचा फोन यायचा तो.

सासरे: जाड आवाजाचा? आकडा दोनदा सांगायचा?

सून: तोच. अजूनही दोनदाच सांगतो. तुमची चौकशी केली त्याने. म्हणाला, तुझ्याआधी जे होते ते आकडा ऐकून ‘ठीक’ म्हणायचे आणि फोन ठेवायचे, सतरा वर्षांत दुसरा शब्द बोलले नाहीत.

सासू: घरी तरी कुठं बोलतात.

सासरे: फोनचे पैसे सरकारचे होते. तुम्ही बोललात कसं एकमेकांशी? भाषा?

सून: सीमेवरची बोली आहे त्याची. सूर वेगळा, शब्द बरेचसे आपलेच. अडलं तिथं हातवारे. आणि आकड्यांना काय, भाषा लागतच नाही. त्याने वही उघडून दाखवली मला. चार रकाने. वेळ, पातळी, पाऊस, आणि शेवटचा ‘खाली कळवले’. पहिले तीन रोजच्या रोज भरलेले. शेवटचा तीन वर्षं कोरा.

सासरे: कोरा म्हणजे? रेघ मारलेली असेल.

सून: नाही. रेघसुद्धा नाही. मी विचारलं. तर म्हणाला, रेघ मारली की संपलं असं होतं.

सासरे: हं.

सून: मग त्याने मला विचारलं, मागच्या पुराचं. पानं उलटली नाहीत, ते पान खूण घालूनच ठेवलं होतं. विचारलं, तुमच्याकडे किती गेले? मी म्हटलं, एक. तो तिथंच पायरीवर बसला, बाबा. ताटं घेऊन माणसं जात-येत होती, त्यांच्या वाटेत. मी पण बसले शेजारी.

सासू: काय म्हणाला?

सून: आधी वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, त्या दिवशी सहा वाजता दरवाजे उघडले. सात वाजता त्याने वर परवानगी मागितली, खाली फोन करू का. नाही म्हणाले. आठला मागितली, नाही. नऊला विचारलं तेव्हा तिकडच्या माणसाने फोनच ठेवून दिला. त्यानंतर दुपारपर्यंत तो फोनपाशी बसून होता. आपल्या चौकीचा नंबर त्याला पाठ होता. म्हणाला, नोकरी गेली असती तर गेली असती, मुलं मोठी झालीत माझी. पण बोट उचललं नाही. आणि मग त्याने मलाच विचारलं, तू असतीस तर केला असतास का?

सासरे: तू काय सांगितलंस?

सून: खरं तेच. माहीत नाही म्हटलं. मग मी त्याला माझं सांगितलं. बारा वाजून वीस मिनिटांनी पट्टीवर अर्धा मीटर चढलेलं दिसलं तेव्हा मी आधी चष्मा पुसला. मग जवळ जाऊन पुन्हा वाचलं. मग भोंगा वाजवला. चार मिनिटं गेली त्यात. वर्षभर ती चार मिनिटं मोजतेय मी.

सासू: हे कधी बोलली नाहीस.

सून: काय बोलणार, आई? वस्ती अख्खी रिकामी झाली, कोणाच्या केसाला धक्का लागला नाही, सगळे मलाच हार घालायला निघाले होते. आणि पंपवाले काका पंपघरात राहिले. गावच्या पिण्याच्या पाण्यात गाळ जाऊ नये म्हणून झडप बंद करायला खाली उतरले ते उतरलेच. हार कसला घ्यायचा?

सासरे: चार मिनिटांनी काही झालं नसतं. पंपघरातून वर यायला पंच्याऐंशी पायऱ्या आहेत. तो माझ्या वयाचा.

सून: वरचा मोजणीदार पण तेच म्हणाला. म्हणाला, तुला चार मिनिटं हवी होती का सहा तास? सहा तास माझ्याकडे होते.

सासू: पाणी पी थोडं. मग सांग.

सून: त्याने वही मला दिली नाही हं. तेवढं त्याने सांभाळलं. म्हणाला, वही सरकारची आहे, मी आधी माझ्या बाईंना विचारतो. मी पण आमच्या साहेबांना सांगितलं. ते आधी घाबरले. असं अचानक काही मांडता येत नाही, आधी कळवावं लागतं, कागद फिरवावा लागतो. मग बराच वेळ येरझाऱ्या घालून मला म्हणाले, पंपवाल्यांचा मुलगा माझ्या मुलीच्या वर्गात आहे. एवढंच म्हणाले आणि गेले.

सासरे: साहेब वाईट नाही तुझा.

सून: नाहीच. बोलतो जास्त, इतकंच. चौथ्या दिवशी सकाळी बसलो. बेटावरच्या बाईंनी विचारलं, चौदाव्या वाक्यावर काही नवीन आहे का, नाहीतर ते गाळून पुढं जाते. साहेब उठले आणि म्हणाले, पाच मिनिटं द्या, मी बोलणार नाही, माझी मोजणीदार त्या दिवसाचे आकडे वाचेल. आणि माईक माझ्यापुढं सरकवला. मी माझी वही उघडली, बाबा. पण गंमत पुढंच आहे. वरच्या देशाच्या बाई, त्या थंडपणे नाही म्हणणाऱ्या, त्यांनीही आपला माईक त्यांच्या मोजणीदारापुढं ठेवला.

सासरे: त्यांनी?

सून: त्यांनीच. आदल्या दिवशी त्याने लिफ्टमध्ये त्यांना सांगितलं होतं. सात मजले खाली येईपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं. त्या हो-नाही काही म्हणाल्या नव्हत्या. रात्रभर तो सामान बांधून बसला होता म्हणे, परत पाठवतील म्हणून.

सासू: मग वाचलंत?

सून: आळीपाळीने. तो एक तास वाचायचा, मी तोच तास वाचायचे. तो म्हणाला, सहा वाजता तीन मीटर दहा, दरवाजे उघडले. मी म्हटलं, सहा वाजता दोन मीटर वीस, शांत. तो सात वाजता तीन नव्वद. मी, दोन वीस. तो आठ वाजता चार साठ. मी, दोन वीस, शांत. त्याचा आकडा चढत चालला, माझा जागचा हलेना. दहाला त्याचे सहा मीटर झाले. दालनात कागदाची सळसळ नाही. दुभाषीसुद्धा हळू झाले. बारा वाजता तो म्हणाला, सहा चाळीस, आणि दोनदा म्हणाला, सहा चाळीस. मी म्हटलं, दोन वीस. शांत.

सासरे: बारा वीसला?

सून: दोन सत्तर. साडेबाराला तीन तीस. एकला चार नव्वद. तिथं मी थांबले. बेटावरच्या बाईंनी विचारलं, पुढं शेऱ्यात काय लिहिलंय. मी वाचलं. ‘भोंगा वाजवला. वस्ती रिकामी. पंपघरात एक.’

सासू: देवा.

सून: कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. वरच्या बाईंनी दहा मिनिटं मागितली आणि फोन घेऊन बाहेर गेल्या. दहाची चाळीस झाली. साहेब नखं खात होते. त्या आल्या, बसल्या, आणि म्हणाल्या, आमची हरकत मागे घेतो. ‘शक्य असेल तेव्हा’ काढा. बेटावरच्या बाईंनी ती पेन्सिल उचलली आणि स्वतःच्या हाताने ते शब्द खोडले. मग वरच्या बाईंनीच आणखी एक वाक्य घातलं. माहिती मोजणीदाराकडून थेट मोजणीदाराला जाईल. मधे कोणाची परवानगी लागणार नाही.

सासरे: थेट?

सून: थेट. दिवसातून दोनदा, आणि दरवाजे उघडले तर दर तासाला.

सासरे: आणि धरणाचा वाद?

सून: तो आहे तिथंच आहे. त्यावर पुढच्या वर्षी भांडणार. पण आकडे आता भांडणात नाहीत.

सासू: म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

सून: गोठ्यात अजून पुष्कळ बैल आहेत, आई. नदीकाठी चार हजार माणूस आहे. माझा नवराही रोज नावेवर असतो.

सासू: ते खरं. माझ्या जिभेला काही हाड नाही.

सासरे: कागदावर झालं. फोन येईल तेव्हा खरं.

सून: आला. आज सकाळी सात वाजता, मी बसमध्ये असताना. तीन मीटर पाच, पाऊस नाही, दोनदा सांगितलं. मी ‘ठीक’ म्हटलं आणि ठेवणार होते, तर तो म्हणाला, थांब. मग वहीचा फोटो पाठवला. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं. अक्षर जरा वाकडं आलंय, सवय गेली असणार. बघा.

सासरे: माझा चष्मा कुठाय?

सासू: नाकावर.

सासरे: तीन पाच. म्हणजे आपल्याकडे एकच्या सुमारास दोन सतरा-अठरा.

सून: दोन अठराच होतं. बसस्टँडवरून येताना पुलावर थांबून बघितलं.

सासरे: सूनबाई, तो आठ वाजताचा आकडा पुन्हा सांग. त्या दिवसाचा. वरचा.

सून: चार साठ. का?

सासरे: आणि दरवाजे सहाला उघडले.

सून: हो. काय झालं, बाबा?

सासू: अहो, काय झालं? तोंड का असं केलंत?

सासरे: त्या दिवशी सकाळी आठला त्याचा फोन आला होता मला.

सून: कोणाचा?

सासरे: पंपवाल्याचा. सुट्टी होती त्याला. घरी दाराला रंग द्यायचा घाट घातला होता. पण खालच्या पंपातून आवाज येतोय, वंगण घालायला हवं, म्हणून विचारत होता. म्हणाला, तू पट्टी सोडलीस तरी नदी तुला कळते. आज खाली उतरू का, की उद्या? मी मागच्या गॅलरीत गेलो. पाणी बघितलं. आरशासारखं होतं. म्हटलं, जा खुशाल, आज नदी शांत आहे.

सासू: हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. वर्ष झालं.

सासरे: कोणालाच नाही.

सून: म्हणून तुम्ही त्यांच्या घरी गेला नाहीत? मला वाटायचं, तुम्हाला सोसत नाही म्हणून.

सासरे: काय तोंड घेऊन जाणार? वहिनी विचारतील, सुट्टीच्या दिवशी गेलेच कशाला. मला माहीत आहे कशाला. मी जा म्हटलं म्हणून. तीस वर्षं नदी वाचली आणि मित्राला चुकीचं वाचून सांगितलं.

सून: चुकीचं नाही वाचलंत, बाबा. आठ वाजता माझ्या वहीत काय आहे? दोन वीस, शांत. ड्युटीवरची मी, पट्टीसमोर उभी. मीही तेच वाचलं. तुमच्या जागी वरचा मोजणीदार असता, तेवीस देशांचे तज्ज्ञ असते, तरी गॅलरीतून तेच दिसलं असतं. पाणी वरून निघून दोन तास झाले होते, ते वाटेत होतं. ते गॅलरीतून कसं दिसणार?

सासरे: चार साठ.

सून: चार साठ. तो आकडा तुमच्यापर्यंत पोचायला हवा होता. पोचला नाही. तुमच्या डोळ्यांनी काही चूक केलेली नाही.

सासरे: मला वाटायचं माझं वय झालं. पाण्याचा रंग बदलला असेल आणि मला दिसला नसेल. रोज गॅलरीत जाऊन बघायचो, आठ वाजता रंग कसा असतो ते.

सासू: मी समजत होते, तुम्ही कबुतरांना दाणे टाकायला जाता.

सासरे: दाणेही टाकायचो. रिकाम्या हाताने उभं राहिलं तर तू विचारलं असतंस.

सून: बाबा, काकूंना मला सांगायला जायचंच आहे. निवेदनात काकांचं नाव नाही, पण ते वाक्य त्यांच्यामुळं बदललं, हे त्यांना कळायला हवं. मी उद्या जाणार होते.

सासरे: उद्या कशाला? आजच जाऊ. तुझं तू सांग. फोनचं मी सांगतो.

सासू: आणि त्यांनी दारातून परत पाठवलं तर?

सासरे: तर परत येईन. पण सांगून येईन. त्यांना वाटत असेल, नवरा सुट्टी सोडून उगाच गेला. उगाच नव्हता गेला. विचारून गेला होता, आणि ज्याला विचारलं त्याला ठाऊक नव्हतं. एवढं तरी त्यांचं त्यांच्याकडे जाऊ दे.

सून: मी पटकन हात धुते.

सासरे: सावकाश जेव. एवढा वेळ गेला, पाव तासाने काही बिघडत नाही. मी बाहेर बसतो.

सासू: असेच जाणार?

सासरे: का? काय झालं?

सासू: सदरा बदला. खुंटीवर धुतलेला काढून ठेवलाय.